पाच पौंडांची होडी

माझ्या संग्रहात चार नोटा आहेत. चारच. ज्यांना जुन्या नोटांचा नाद असतो त्यांच्या घरी लोखंडी कपाटं असतात, याद्या असतात, बायकोशी अबोले असतात. माझ्याकडे एक अल्बम आहे, त्यात पाच कप्प्यांचं एक पान आहे आणि त्या पानातला एक कप्पा रिकामा आहे. त्या रिकाम्या कप्प्यापायी मी गेल्या श्रावणात काय केलं, ते बायकोलासुद्धा अजून पुरतं सांगितलेलं नाही.

नोटा सुदानच्या आहेत. त्या देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि त्यानं स्वतःच्या पहिल्यावहिल्या नोटा छापल्या, तेव्हाच्या. त्यातही माझ्याकडे आहेत त्या खऱ्या नाहीत, नमुन्याच्या आहेत. नवी नोट निघाली की तिचे थोडे नमुने देशोदेशीच्या बँकांना धाडतात, म्हणजे उद्या कुणी ती नोट घेऊन खिडकीशी आलं तर कॅशियर बावचळायला नको. नंबराच्या जागी नुसती शून्यं, अंगावर आडवा लाल अक्षरांत ‘स्पेसिमेन’ असा शिक्का, आणि कुणी चालवायला जाऊ नये म्हणून खाली दोन भोकं पाडलेली. पहिली नोट मला मामानं दिली. तो फोर्टातल्या एका बँकेत हेड कॅशियर होता. निवृत्त होताना खण रिकामा करताना त्याला ती सापडली. ‘घे,’ म्हणाला, ‘हिच्यावर अर्धा कप चहा मिळायचा नाही.’ बाकीच्या तीन मी प्रदर्शनांतून, पत्रव्यवहारातून, एक तर चक्क जुन्या मनगटी घड्याळाच्या बदल्यात मिळवल्या.

पंचवीस पियास्टरवर, म्हणजे पाव पौंडावर, सैनिकांची रांग आहे, पन्नासावर हत्ती, एका पौंडावर धरण, दहा पौंडांवर बँकेची इमारत. पाठीमागे उंटावर बसून निघालेला टपालवाला. राहिली होती पाच पौंडांची. तिच्यावर शिडाची होडी आहे एवढं चित्रावरून ठाऊक होतं.

मला या नमुन्यांची माया का वाटते, हे बायकोला कधी पटवता आलं नाही. सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी ते सगळ्या मजल्यांवर पेढे वाटत फिरतं, तशा त्या नोटा जगभर हिंडल्या असणार. आम्ही आलोय, चेहरा लक्षात ठेवा. आता टीव्हीवर खार्टूमची पडकी घरं दाखवतात तेव्हा मी चॅनल बदलत नाही. बायको विचारते, ‘तुमचं कोण आहे तिथे?’ कुणी नाही. तरी बातमी संपेपर्यंत मी उठत नाही.

तसा मला घोर कशाचाही लागतो. मी मुळातच धास्तावलेला माणूस. गॅस बंद केला का ते बघायला स्टेशनजवळून परत आलेला आहे, तेही दोनदा. आयुष्यभर विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात काम केलं. लोकांवर काय काय ओढवू शकतं हे वाचण्याचाच मला पगार मिळत होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्या बाबतीत कंपनीनं पगारी करून घेतलं.

श्रावण लागायला दोन दिवस होते. अशा वेळी आमचं जुईनगर मासळीवर तुटून पडतं, जणू महिनाभर कुणी जेवणारच नाही. मी नेहमीच्या मावशींकडे कोळंबी घेतली. या मावशी नावड्याच्या, सत्तरीच्या, नवरा गेलेला, मुलगी पनवेलला दिलेली. आमची ओळख आठ-दहा वर्षांची, पण सगळी टोपलीच्या अलीकडून-पलीकडून. पैसे द्यायला मी फोन काढला, त्यांनी पाटावर चिकटवलेला चौकोन पुढे केला आणि माझ्या हातातला फोन बघून त्या थबकल्या.

‘अरे भाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘तुमचे मोबाईलान आमचा देव कसा आला?’

माझ्या फोनवर त्या पाच पौंडांच्या नोटेचं चित्र असतं. मी म्हटलं, ‘मावशी, ही नोट आहे. सुदानची.’

‘मना नको शिकवू. ही होरी आमचे घरान हाय. देव्हाऱ्यान हाय. माजे सासऱ्यानं आनलेली.’

कोळंबी घरी आली, शिजली, मी ती खाल्ली. चव कशी होती ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून नावड्याला गेलो. महामार्गानं कळंबोली, पुढे ट्रकांच्या रांगा, तळोज्याचे कारखाने, आणि मग अचानक अरुंद गल्ल्यांचं जुनं गाव. मावशींचं घर आता स्लॅबचं आहे, बाहेर टाइल्स लावलेल्या. देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. एकवीरेची तसबीर, खंडोबाचा टाक, आणि त्यांच्या मधोमध एका लाकडी चौकटीत ती. पाच पौंड. शिडाची होडी. वर आडवी लाल अक्षरं, आणि त्या अक्षरांवर वर्षानुवर्षांचं हळदीकुंकू. दोन्ही भोकांभोवती तर कुंकवाची पुटं चढलेली. बायकोसमोर कबूल करणार नाही, पण त्या क्षणी मी हात जोडले ते एकवीरेला नव्हे.

मावशींनी हकीकत सांगितली. सासरा मालबोटीवर खलाशी होता. सुदानच्या बंदरात बोट अडकून पडली होती. तिथल्या बँकेतल्या कुणा साहेबाची छोटी होडी फुटली होती, ती यानं सांधून दिली. साहेबानं खूश होऊन ही नोट हातावर ठेवली.

‘मुंबईला येऊन बँकेन गेला तं सगली हसली,’ मावशी म्हणाल्या. ‘ह्ये पैसं नाय म्हनाली. घरा आला नि बोलला, बँकेला नको तं देवाला ठेवू.’

पुढे खाडीत मासळी राहिली नाही. घरची होडी मोडीत निघाली. तेव्हापासून नारळी पुनवेला हे घर या नोटेवरच्या होडीची पूजा करतं. सकाळी काच सरकवून मावशी तिला कुंकू लावतात आणि संध्याकाळी नारळ खाडीत सोडतात. आधी सासू करायची, मग या. ‘आपली होरी नाय, पन पुनव तं हाय ना,’ असं त्यांचं म्हणणं.

मी वाकून चौकट जवळून पाहिली. डाव्या कोपऱ्यात काळी बुरशी होती, ओल शिरलेली. हे मी खोटं बोललो नाही, बुरशी खरंच होती. म्हटलं, ‘मावशी, ही अशीच राहिली तर दोन पावसाळ्यांत होडीपर्यंत सडेल. मी घेऊन जातो. कागद सुकवतो, नवी चौकट करून पुनवेला आणून देतो.’

त्यांनी मला नीट न्याहाळलं. आठ-दहा वर्षं मी त्यांच्याशी घासाघीस केलेली होती, माणूस किती पाण्यात आहे हे त्यांना माहीत असणारच.

‘पुनवेला येशील ना?’

‘येईन.’

मावशींनी नोटेसमोर हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि चौकट उचलून माझ्या हातात दिली. मग डब्यातून एक सुपारी काढली, धुतली, हळदकुंकू लावून त्या मोकळ्या जागेवर ठेवली. ‘देव उठवला तं जागा मोकली ठेवू नये. परत येयापरत ही बसल.’

परतीच्या वाटेवर मी ताशी वीसच्या वेगानं आलो. ट्रकवाले शिव्या घालून पुढे जात होते.

बायकोला नोट दाखवली. ती म्हणाली, ‘दुसऱ्याचा देव घरात आणलाय. जपा.’ मी म्हटलं, ‘जपतोच आहे.’ आणि जपलीच. चिमट्यानं चौकटीतून सोडवली, टीपकागदात दोन दिवस ठेवली, बुरशी मऊ कुंचल्यानं अलगद झटकली. कुंकवाला हात लावला नाही. एरवी संग्राहकाच्या लेखी असले डाग म्हणजे नोट कामातून गेली. पण मी तिच्याकडे पाहत होतो आणि मला डाग दिसत नव्हते.

मग ती रिकाम्या कप्प्यात घालून पाहिली. नुसतं माप बघायला. बसली. सैनिक, हत्ती, धरण, होडी, इमारत. पाच. पाचही एका पानावर पाहणारा माणूस मी आमच्या ओळखीपाळखीत तरी एकटाच होतो. दहा मिनिटं ठेवीन म्हटलं. दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. तिसऱ्या दिवशी काढलीच नाही.

इथून पुढचं सांगताना लाज वाटते. मी दावे तपासणारा माणूस, त्यामुळे स्वतःचा दावा कसा मांडायचा हे मला चांगलं येतं. मावशी होडीची पूजा करतात, कागदाची नाही. होडी दुसऱ्या कागदावर असली तरी ती होडीच. त्या स्वयंपाकघरात नोट सडेल. माझ्याकडे शंभर वर्षं टिकेल. म्हणजे मी ती घेत नाही, वाचवतो. त्यांचं काही जात नाही. असे सगळे मुद्दे मी क्रमानं मांडले आणि स्वतःच मंजूर केले.

वाशीला एका छपाईच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नोट उलटीपालटी केली. ‘काका, हे चालतं ना? नोट आहे ही.’

माझी पाचावर धारण बसली. ‘नमुना आहे, बाई. बघा, लिहिलंय वर. शून्यं आहेत सगळी.’

‘तसं नाही, उगाच नसतं टेन्शन नको.’ त्यांनी जाड कागदावर प्रत काढून दिली. दोन्ही बाजू. सुंदर आली होती, जरा जास्तच सुंदर. दुकानातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं, कुणी येतंय का ते. कोण येणार होतं? पण चोराच्या मनात चांदणं.

घरी येऊन पाहिलं तर प्रतीवरचं कुंकू तपकिरी, मेलेलं दिसत होतं. बायको भिशीला गेली होती. तिच्या आरशासमोरचा करंडा घेतला, अनामिका ओली केली, आणि छापील कुंकवावर खरं कुंकू लावलं. भोकांवरही लावलं. म्हणजे भोकं नव्हतीच तिथं, काळे ठिपके होते. आईनं लहानपणी मला कुंकू लावायला शिकवलं होतं, मधल्या बोटानं नाही, अनामिकेनं. ते हाताला बरोबर आठवलं.

प्रत नव्या चौकटीत बसवली, वर काच. मूळ नोट अल्बमातून काढली, कारण अल्बम पाहुण्यांना दाखवायची मला खोड आहे, आणि ती टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशात ठेवली. पौर्णिमेला आठवडा होता.

पौर्णिमेला तीन दिवस राहिले तेव्हा शब्दकोश उघडला, तर नोट नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, पान चुकलं. मग पान न् पान उलटलं. कोश उलटा धरून झटकला. टेबलाचे खण उपसले, टेबल पुढे ओढलं, पंख्याच्या वाऱ्यानं उडाली असेल म्हणून सोफ्याखाली लोळलो. रद्दी तपासली, तर रद्दी परवाच गेलेली. रद्दीवाल्याकडे गेलो, त्याच्या गोणीतले कागद उचकले, त्यानं दोनदा विचारलं, ‘अंकल, क्या गुम गया?’ आणि मी दोनदा ‘कुछ नहीं’ म्हणालो. कामवाल्या बाईंचा संशय आला आणि संशय आल्याची शरम वाटली. अल्बमची प्रत्येक बाजू पाहिली. फ्रीजवरचं, पुस्तकांमागचं, औषधांच्या डब्यातलं. जेवण जाईना. रात्री जाग आली की मी मनाला सांगायचो, ही काही जीव जाण्याची गोष्ट नाही. आणि मग ती सुपारी आठवायची.

‘काय शोधताय?’ बायकोनं विचारलं.

‘काही नाही.’

‘मग सापडेल लवकर.’

तिला सरळ विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नोट कुठंय विचारलं की ती विचारणार, कोशात कशाला ठेवली होती, चौकटीत का नाही? मग चौकटीत काय आहे? ज्याला खवखवतं तो सरळ प्रश्न विचारत नाही. दाव्याच्या फायलीत हे मी हजारदा पाहिलं होतं आणि दरवेळी मनाशी हसलो होतो.

आता गंमत बघा. प्रत मी केली होती ती नोट ठेवून घ्यायला. नोट गेली, आणि हाती उरली नुसती प्रत. आता ती न्यायचीच होती, कारण दुसरं न्यायला काही नव्हतं. आपण चोर नाही, अडकलेलो आहोत, असं मला एकदम वाटायला लागलं. त्यानं दोन घास गेले, एवढंच.

पौर्णिमेच्या सकाळी बायको आंघोळीला गेली तेव्हा चौकट पिशवीत घालून निघालो.

मावशींनी हिरवं नऊवारी नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. घरात नारळीभाताचा वास. ‘आलास?’ म्हणाल्या, आणि हसल्या. मी चौकट दिली. ‘लय चकचकीत झाली.’ मी काहीतरी बोललो, कागद, काच, ओल, असंच. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

त्यांनी चौकट पाटावर ठेवली, सवयीनं काच सरकवली, अनामिका कुंकवात बुडवली आणि नोटेला लावायला गेल्या. बोट पहिल्या भोकाच्या जागी टेकलं. तिथंच थांबलं. मग दुसऱ्या जागी गेलं. पुन्हा पहिल्या जागी आलं. आंधळ्या माणसानं कडी शोधावी तसं ते बोट त्या दोन ठिपक्यांवरून फिरलं. आयुष्यभर त्या बोटाला तिथं भोकं लागत आली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काच परत सरकवली आणि चौकट देव्हाऱ्यात एका कडेला उभी केली. सुपारी तिच्या जागी तशीच होती. त्यांनी कुंकवाचं बोट सुपारीला लावलं, हळद लावली, फूल वाहिलं आणि उदबत्ती ओवाळली. मी उभाच.

‘मावशी, ती सुपारी…’

‘राहू दे. देव आजून यायचा हाय.’ आवाज चढला नाही, उतरला नाही. ‘सांजेला नारल सोराचा हाय खारीन. तोपरत वाट बघीन.’

त्यांनी नारळीभाताची वाटी माझ्या हातात दिली. मी ती संपवली.

घरी आलो तर बायको पूजेवरून नुकती उठत होती. मी चपलाही काढल्या नाहीत. म्हटलं, ‘ती नोट हरवली.’

‘कुठली?’

‘मावशींची.’

‘हरवली कुठे? देवात आहे.’

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तिनं देव्हाऱ्याकडे बोट केलं. आमच्या घरात वाटणीच आहे, देव तिच्याकडे आणि वर्तमानपत्र माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षांत मी त्या देव्हाऱ्यात वाकून पाहिलेलं नाही, आणि त्या तीन दिवसांतही सगळं घर उलथं केलं, पण तिकडे बघायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. अन्नपूर्णेच्या मागे, प्लास्टिकच्या पाकिटात, शिडाची होडी उभी होती. पाकिटावर ताजं जास्वंद होतं.

‘कुंकू लागलेली वस्तू शब्दकोशात काय ठेवता?’ बायको म्हणाली. ‘पुसायला गेले तर आतून डोकावत होती. मी उचलून इथे आणली, रोज फूल वाहते. तीन दिवस तुम्ही हीच शोधत होता? काखेत कळसा नि गावाला वळसा. विचारायचं तरी.’

मी आता कुठे चपला काढल्या.

‘आणि ती झेरॉक्स पाहिली मी. छान आली आहे. अल्बमसाठी केलीत ना? बरं केलंत. त्यांची त्यांना गेली, तरी तुमच्या कप्प्यात काहीतरी राहील.’

‘हो,’ मी म्हणालो.

संसारात मी तिच्याशी पुष्कळ खोटं बोललो असेन, बिलांबद्दल, रक्तदाबाबद्दल, तिच्या भावाबद्दल. पण त्या ‘हो’ची मला जेवढी लाज वाटली तेवढी कशाची वाटली नव्हती. तिच्या डोक्यात दुसरी शक्यता आलीच नव्हती.

चार वाजता पुन्हा निघालो. पाकीट स्टीलच्या डब्यात, डबा शर्टाच्या आत, वर रेनकोट. कळंबोलीच्या पुलाखाली रहदारी तुंबली होती. पुढे कुठल्याशा पाड्याची सोन्याचा नारळ घेतलेली मिरवणूक, बँजो, पालखी. मी एका जागी पंधरा मिनिटं उभा, आणि डोक्यात एकच, त्या खाडीवर गेल्या असतील. नारळ सुटला असेल. सुपारीच्या नावानं सुटला असेल. मग हा डबा घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहू? हॉर्न वाजवला तर एक म्हातारा काठी उगारून अंगावर आला. त्याचं बरोबर होतं.

गल्लीत शिरलो तेव्हा बायका नटूनथटून खाडीकडे निघालेल्या दिसल्या. मावशी त्यांच्यात नव्हत्या. त्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर झेंडूनं सजवलेला नारळ. पुढच्या बायका वळून वळून हाका मारत होत्या, ‘गो काकी, चल ना!’ आणि त्या हातानंच ‘येते’ म्हणत होत्या.

मी डबा उघडला. त्यांनी पाकिटातून नोट काढली आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. एक भोक. दुसरं भोक.

‘आला,’ त्या म्हणाल्या.

आत गेलो. मी हात पुढे केला नव्हता, त्यांनीच नोट माझ्या हातात दिली. ‘तू नेलास, तूच बसव.’ त्यांनी सुपारी उचलली, पदराच्या टोकाला बांधली, नारळाबरोबर सोडायला. मी खाली वाकून नोट त्या जागेवर टेकवली. होडी दोनदा आडवी झाली, तिसऱ्यांदा उभी राहिली.

मग त्यांनी कडेला उभी केलेली ती चकचकीत चौकट उचलली. ‘नि ह्यो?’

बाहेरून पुन्हा हाक आली. मला वाटलं होतं त्याबद्दल कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, ‘खोटा आहे मावशी. मी छापून घेतला. हा तुम्हाला द्यायचा आणि खरी मला ठेवायची, असं मनात होतं.’ एवढं एका दमात बोललो. शिव्या खायची तयारी होती. खरं म्हणजे शिव्याच हव्या होत्या.

त्यांनी चौकट उजेडाकडे धरली. काच सरकवून नखानं एक ठिपका खरवडला. नखाला लाल लागलं.

‘ह्याला कुंकू कोनी लावला?’

‘मी.’

‘कंच्या बोटानं?’

मी अनामिका दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, जशी गिऱ्हाईक सुरमईची कल्ली उचलून पाहतं.

‘मंग ह्यो बी देव झाला,’ त्या म्हणाल्या. ‘टाकायचा नाय, लपवायचा नाय. घरा ने नि रोज पूज.’ चौकट माझ्या हातात दिली, नारळ उचलला, आणि लगबगीनं बायकांच्या मागे निघून गेल्या.

आता ती चौकट आमच्या देव्हाऱ्यात आहे, अन्नपूर्णेच्या शेजारी. बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं, ‘ही अल्बमला होती ना?’ मी म्हटलं, ‘मावशींनी पुजायला सांगितलंय.’ ती म्हणाली, ‘मग तुमचा देव तुम्ही सांभाळा.’ त्यामुळे माझी वर्तमानपत्राची वाटणी मोडली. अल्बमातला पाचवा कप्पा रिकामाच आहे आणि पाहुण्यांना तो दाखवायची खोड गेली.

श्रावण संपल्यावर मी पुन्हा मावशींकडे मासळी घ्यायला गेलो. जावं की नाही यात एक आठवडा गेला. त्यांनी कोळंबीचा भाव एक रुपया कमी केला नाही. पैसे दिल्यावर विचारलं, ‘देव बरा हाय ना?’ दर वेळी विचारतात. मी दर वेळी म्हणतो, ‘बरा आहे.’

रोज सकाळी आंघोळ झाली की काच सरकवतो आणि अनामिका कुंकवात बुडवतो. रोज क्षणभर धाकधूक होते, आज तरी काही लागेल. बोट त्या दोन ठिपक्यांवर टेकवतो. कागद गुळगुळीत असतो.